इंजिनाची देखभाल घरी करायची, पण कुठवर?

प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल गाडी, सात वर्षं जुनी, ८० हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटी कधीच संपलेली. बॉनेट आजवर फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलं गेलं. आता इंजिनाची देखभाल घरीच करायची आहे, तर त्यातलं काय जमेल, काय गॅरेजवर सोडावं आणि हत्यारं कोणती घ्यावीत? शिवाय नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, तर इंजिन फ्लश, म्हणजे रसायनाने आतून धुऊन, करून घ्यावं का?

जमेल, बरंच जमेल. पण कोणतं काम घरी करायचं हे ठरवताना लोक विचारतात, "अवघड आहे का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. चुकलं तर ते मला दिसेल का, आणि दिसल्यावर सावरायला वेळ मिळेल का, हे विचारा. एअर फिल्टर वाकडा बसला तर डब्याचं झाकण नीट बंद होत नाही, चूक तिथल्या तिथे कळते. ऑइल बदलताना ड्रेन नट (जुनं ऑइल खालून काढायचा नट) ढिला राहिला तर प्रकरण गंभीर आहे, सगळं ऑइल रस्त्यावर सांडून इंजिन सीज होऊ शकतं. पण इंजिन चालू करून पाच मिनिटं खाली वाकून पाहिलं की थेंब दिसतो आणि वेळेत इंजिन बंद करता येतं. पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणारा आतला टायमिंग बेल्ट एक-दोन दात पुढेमागे बसला तर मात्र बाहेरून काहीच कळत नाही. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात-जातात. ती वेळ चुकली की सेल्फ मारल्याबरोबर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. पहिली दोन कामं घरची, तिसरं गॅरेजचं. पुढचं सगळं मी याच फुटपट्टीने सांगतोय.

सुरुवातीला पाना हातातच घेऊ नका, बघायची सवय लावा. गॅरेजमध्ये जी इंजिनं मेलेली येतात, त्यांतली बहुतेक ऑइल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी पडून मेलेली असतात, आणि दोन्हींची पातळी आधी कितीतरी दिवस उतरत असते. कोणी बॉनेट उघडलेलं नसतं, इतकंच. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि आडवी धरून वाचा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते वाचू नका, त्या वेळी ऑइल वरपर्यंत फासलेलं असतं. गाडी नुकतीच थांबवली असेल तर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे हेडमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरेल. काही कंपन्या गरम इंजिनावर मोजायला सांगतात. तसं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. पातळी मध्यावर असेल तर घाबरून लगेच ओतू नका. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही कमी असण्याइतकंच वाईट. फिरणारी क्रँकशाफ्ट ते जादा ऑइल घुसळते, त्याला फेस येतो आणि फेसाळलेलं ऑइल पंपाने ओढलं की ऑइलचा दाब घसरतो. आपण काहीही न ओतता पातळी वर चढत असेल, तर त्याकडे कमी होण्यापेक्षाही जास्त लक्ष द्या. ऑइलमध्ये पेट्रोल तरी उतरतंय किंवा कूलंट तरी.

हे ओळखायला नाक आणि बोटं पुरतात. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा ठसठशीत वास येतोय का पाहा. बोटांत चोळल्यावर खरखर लागते का पाहा. दुधाळ, पिवळसर चिकटा दिसला तर आधी तो कुठे आहे ते बघा. फक्त ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असेल आणि गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर बहुधा ती वाफ आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली उतरतं. ऑइल पूर्ण तापेपर्यंत गाडी चाललीच नाही तर ते तिथेच साचतं. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की बरंचसं उडून जातं. तोच चिकटा डिपस्टिकवरही असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची (हेडखालच्या सीलची) शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

कूलंटची टाकी अर्धपारदर्शक असते, बाहेरूनच पातळी दिसते. गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा त्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी कोणीतरी तोंड भाजून घेतंच. कारण समजलं की नियम डोक्यात बसतो: निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०६-१०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पण झाकणाने दाब धरून ठेवल्यामुळे बंद यंत्रणेत ते १२५ अंशांच्या पुढेही द्रवच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्याच क्षणी सगळं उकळून अंगावर येतं. इंजिन हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग झाकणावर जाड फडकं ठेवून हळूहळू फिरवा.

कूलंटच्या रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्यांना सर्वमान्य अर्थ नाही. महत्त्वाची असतात ती गंज रोखणारी रसायनं. दोन वेगळ्या जातींची मिसळली की त्यांचं आयुष्य घटतं, काही मिश्रणांत गाळही धरतो. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच घ्या आणि पातळ करायचा असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. आणि एक गोष्ट, सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, लहान मुलंही.

याच फेरीत बॅटरी पाहून घ्या. साधा मल्टिमीटर लावा. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू केल्यावर १३.५ ते १४.७ दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे आकडा वरखाली होईल, गोंधळू नका. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा. सोडवताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला, तर ठिणगी नाही, वेल्डिंगच होतं. अंगठी, घड्याळ, कडं आधीच उतरवून ठेवा.

अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या बाहेरच्या बेल्टबद्दल एक जुना समज अजून चालतो. भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, असं लोक धरून चालतात. जुन्या रबरात ते खरं होतं. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत, टायर झिजावा तशा त्यांच्या खाचा झिजत जातात. खाचा रुंद आणि गोलसर झाल्या, कडेचे दोरे सुटले किंवा सकाळी गाडी सुरू करताना चीं चीं आवाज आला, तर बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) दोन्ही बघायची वेळ झाली. रबरी पाइप गार असताना दाबून पाहा. लुसलुशीत लागला किंवा क्लॅम्पजवळ फुगलेला दिसला तर फुटायची वाट बघू नका. इंजिन चालू असताना मात्र हात, ओढणी, मफलर, लोंबती दोरी काहीही बेल्टच्या जवळ न्यायचं नाही. रेडिएटरचा पंखा तर काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही अचानक सुरू होतो.

हत्यारांकडे वळू. मोठा पेटारा लागत नाही. ८ ते १९ मिलिमीटरच्या गोट्यांचा (सॉकेटचा) आणि रिंग पान्यांचा चांगला सेट, लांब एक्स्टेन्शन, प्लगची गोटी, ऑइल फिल्टरचा पाना, ऑइल धरायला पसरट घमेलं, कपाळाला लावायची बॅटरी, नायट्राइलचे हातमोजे आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच कसू देणारा पाना. शेवटची वस्तू लोक गाळतात आणि नेमकी तीच नवशिक्याला सगळ्यात गरजेची. मुरलेल्या मेकॅनिकच्या मनगटाला किती कसायचं याचा अंदाज असतो. नवा माणूस दोनच टोकं जाणतो, ढिलं किंवा मरेस्तोवर घट्ट. बहुतेक ड्रेन नट २५ ते ४० न्यूटन मीटरला कसायचे असतात. ३० न्यूटन मीटर म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला जेमतेम १५ किलोचा जोर. उभं राहून, अंग टाकून कसलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज होतं आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे जातात. टॉर्क रेंच फक्त कसायला वापरा, खोलायला नाही, आणि काम झालं की त्याचं सेटिंग सगळ्यात कमीवर आणून ठेवा.

गाडी उचलण्याबाबत मी तडजोड ऐकून घेत नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी, तोलून धरण्यासाठी नव्हे. हायड्रॉलिक जॅक एका रबरी सीलच्या भरवशावर उभा असतो. गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाणार असेल तर दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, चाकं सरकू नयेत म्हणून ओट, हँडब्रेक, कडक आणि सपाट जमीन. विटांवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर गाडी टेकवायची नाही, ते न सांगता फुटतात. उतरते रॅम्प मिळाले तर ऑइल बदलायला तेच सोयीचे. बंद जागेत इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो.

एअर फिल्टरपासून श्रीगणेशा करा. चार क्लिपा किंवा चार स्क्रू, दहा मिनिटांचं काम. कागदी फिल्टर हलका आपटून धूळ झटकता येते, पण कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका. कागदाला न दिसणारी छिद्रं पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये. खूप मळला असेल तर सरळ नवा टाका. फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज फार वाढेल अशी आशा मात्र धरू नका. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर आत आलेली हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने पिकअप मार खातो, ॲव्हरेज फारसं नाही. डबा उघडलाच आहे तर पुढच्या नळीतल्या एअरफ्लो सेन्सरला हात लावू नका. त्याची तार केसासारखी असते, फडक्याने पुसली की संपली. साफ करायचीच झाली तर त्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरा.

आता ऑइल. कोणतं घालायचं याचा वाद चहा गार होईपर्यंत चालतो, पण उत्तर मॅन्युअलच्या एका पानावर असतं. ५डब्ल्यू-३० यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा जाडपणा कोणत्या वर्गात बसतो ते. "आपल्याकडे ऊन फार, जरा जाड टाक" हा सल्ला सर्रास मिळतो. चालू इंजिनात ऑइलचं तापमान बाहेरच्या उन्हापेक्षा इंजिनावर जास्त अवलंबून असतं. आणि हल्लीच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा बारीक वाहिन्यांतल्या ऑइलच्या दाबावरच चालते. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं की सकाळच्या पहिल्या काही सेकंदांत ऑइल वर पोचायला उशीर होतो, आणि झीज त्याच काळात जास्त होते. डब्यावरचा दर्जाही पाहा. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) दर्जात टायमिंग चेनच्या, म्हणजे टायमिंग बेल्टच्या जागी असणाऱ्या साखळीच्या, झिजेची चाचणी आहे, म्हणून चेनवाल्या पेट्रोल इंजिनाला तो किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलेला दर्जा घ्यावा.

काम सुरू करण्याआधी नवं ऑइल, नवा फिल्टर आणि ड्रेन नटचा नवा वॉशर, तिन्ही समोर ठेवा. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे ऑइल पातळ होऊन गाळासकट निघेल. उकळतं नको, हात भाजतो. वरचं भरायचं झाकण उघडून ठेवा. अनुभवी माणसं ड्रेन नटच्याही आधी हे करतात: भरायचं झाकण खरंच उघडतंय का बघतात. खालून सगळं ऑइल काढल्यावर वरचं झाकण अडकलेलं निघालं तर गाडी जागच्या जागी अडकते.

ड्रेन नट पान्याने सैल करा आणि शेवटचे आटे बोटांनी, नट वरच्या दिशेने दाबून धरत फिरवा. सुटला असं वाटलं की झटक्यात बाजूला घ्या. धार आधी तिरकी लांब पडते आणि ऑइल संपत आलं की सरळ खाली येते, घमेलं त्याप्रमाणे सरकवावं लागतं. निथळू द्या, घाई नाही. तोवर नटाकडे बघा. काहींना चुंबक असतं. त्यावर राखाडी मऊ लोण्यासारखा लेप असेल तर नेहमीची झीज. चकाकणारे कण किंवा टोचतील असे कपचे असतील तर आत काहीतरी खाल्लं जातंय. तो नट पुसू नका, फोटो काढा आणि मेकॅनिकला दाखवा. जुना वॉशर नटाला इतका चिकटतो की तो वॉशर आहे हेच कळत नाही. नखाने किंवा पेचकसाने काढा, नाहीतर दोन वॉशर एकावर एक बसतील.

हीच गोष्ट फिल्टरची. डब्यासारखा फिरवून काढायचा फिल्टर असेल तर काढल्या काढल्या त्याच्या तोंडावरचं रबरी गॅस्केट डोळ्यांनी पाहा. नसेल, तर ते इंजिनच्या ब्लॉकला चिकटून राहिलंय. त्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रबरं एकमेकांवर येतात. हाताला अगदी घट्ट लागतं, पहिली काही मिनिटं थेंबही दिसत नाही, आणि रेस केल्यावर दाबाखाली वरचं रबर निसटून ऑइलचं कारंजं उडतं. ब्लॉकवरची बैठक फडक्याने पुसा, बोट फिरवून पाहा. नव्या फिल्टरच्या रबराला नवं ऑइल चोळा, हाताने फिरवा, रबर टेकलं की त्यानंतर साधारण पाऊण फेरा, तोही हातानेच. फिल्टरचा पाना खोलण्यापुरता.

ड्रेन नट बसवताना पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी. अडकला तर जोर करू नका, मागे फिरवा आणि पुन्हा सुरुवात करा, कारण तिरके गेलेले आटे पान्याने सरळ होत नाहीत, कापले जातात. नंतर टॉर्क रेंच. कसताना हाताला एक गोष्ट जाणवायला हवी: जोर सारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच मऊ पडल्यासारखं वाटलं, फिरतोय पण घट्ट होत नाही असं वाटलं, तर आटे ताणले जाताहेत. तिथेच थांबा. अजून एक पाव फेरा देऊन बघू म्हणणाऱ्यांना पुढे चेंबर बदलावं लागतं.

मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नवा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो, या काळात रेस करायची नाही. दिवा विझला नाही तर ताबडतोब बंद. विझला तर एक-दोन मिनिटं चालू ठेवून नट आणि फिल्टरभोवती बॅटरी मारून पाहा, बंद करा, थांबा, मोजा, उरलेलं भरा. गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाहा. जुनं ऑइल त्याच डब्यात भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या. गटारात नाही, मातीत नाही, लाकडाला लावायलाही नाही. जळक्या ऑइलचा कातडीशी वारंवार संपर्क कर्करोगाच्या दृष्टीने धोकादायक मानला जातो, हातमोजे त्यासाठीच.

स्पार्क प्लग हे पुढचं काम, पण इंजिन पूर्ण गार असतानाच. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येऊ शकतात. प्लगला वीज देणारी वरची कॉइल काढण्याआधी विहिरीतली, म्हणजे प्लगच्या खोल खळग्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. एक प्लग काढायचा, नवा बसवायचा, मग दुसरा, आणि जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवायचे. त्यांच्या टोकांवर इंजिनची तब्येत लिहिलेली असते. फिकट तपकिरी म्हणजे उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा गाडी फारच थोडं चालते. ओलसर, तेलकट काळं म्हणजे ऑइल जळतंय. पांढरं पडून फोड आल्यासारखं म्हणजे प्लग अतितापला. चारही सारखे असतील तर कारण सगळ्या इंजिनाचं, एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरचं. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजार किलोमीटरला बदलतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात. ८० हजारांवर तुमचे अजून पहिलेच असतील तर निदान काढून पाहायला हरकत नाही. नवा प्लग आधी हाताने, एक्स्टेन्शन नुसतं बोटांत धरून फिरवा. टॉर्क १२ मिलिमीटर आट्याच्या प्लगला साधारण १५ ते २०, १४ मिलिमीटरला २५ ते ३० न्यूटन मीटर. इरिडियमच्या सुईसारख्या टोकाला गॅप मोजायच्या नादात फिलर गेज (फट मोजायची पट्टी) दाबून लावू नका, ते मोडतं.

इंजिनचा पिवळा दिवा लागला तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचणारा छोटा स्कॅनर उपयोगी पडतो. तो लावायचं, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालेलं सोळा पिनांचं सॉकेट आता जगभरच्या गाड्यांत असतं, सहसा स्टिअरिंगच्या खाली. पण कोड म्हणजे निदान नव्हे, तक्रार आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. लोक हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलतात, आणि दोष निघतो फाटक्या व्हॅक्यूम पाइपात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पेट्रोल नीट जळत नाही. इथे एक फुकटची चाचणी आहे: पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल आपापसांत बदला, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. दिवा स्थिर असेल तर सावकाश घरी जाता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतोय, गाडी बाजूला घ्या.

गॅरेजवर सोडायच्या कामांत टायमिंग बेल्ट पहिला. तो साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलायचा असतो, तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन आणि मुदत किती, हे आजच पाहून ठेवा. वर्षांची मुदतही असते आणि सात वर्षं झालेल्या गाडीत ती किलोमीटरच्या आधी भरलेली असू शकते. हेड गॅस्केटही गॅरेजचंच. इंधनाच्या उच्च दाबाच्या नळ्याही: जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजेक्शनमध्ये तीन-चार बार दाब असतो, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये २०० च्या वर, डिझेल कॉमन रेलमध्ये २००० किंवा त्याहूनही जास्त. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरी म्हणजे उच्च व्होल्टेज, तिकडे फिरकायचंही नाही.

राहिलं फ्लश. ऑइल काळं पडणं हा दोष नाही. त्यातली डिटर्जंट रसायनं काजळी आणि चिकटा सोडवून आपल्यात तरंगत ठेवतात, म्हणून रंग बदलतो. हजारो किलोमीटर सोन्यासारखं राहिलेलं ऑइल पाहून मला उलट शंका येते. आधी भरायच्या झाकणातून बॅटरी मारून आत बघा. धातूवर फक्त तपकिरी झाक असेल तर फ्लशची गरजच नाही. काळा, जाड, डांबरी थर असेल तर फ्लश धोक्याचा आहे, कारण सुटलेले तुकडे चेंबरमधल्या ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि ऑइलचा दाबच तुटतो. वर सांगितलेल्या फुटपट्टीवर हे सगळ्यात वाईट जातीचं काम: करायला सोपं, आणि चूक कळते तेव्हा बेअरिंग गेलेले असतात. थर असेल तर मॅन्युअलच्या दर्जाचं ऑइल आणि नवा फिल्टर घाला, पुढची दोन-तीन ऑइल नेहमीच्या निम्म्या किलोमीटरला बदला आणि दरवेळी त्याच झाकणातून आतला फोटो काढून तारीख आणि किलोमीटरसकट ठेवा. थर हळूहळू पातळ होताना दिसेल. होत नसेल, किंवा ऑइलचा दिवा आयडलवर लुकलुकायला लागला, तर चेंबर उतरवून जाळी साफ करून घ्या, आणि ते गॅरेजमध्येच.